सतरावं जातं

गोथेनबर्ग, ३ मार्च १९५७

प्रिय टेक्ला,

तुझ्या नाताळच्या पत्राला उत्तर द्यायला मार्च उजाडला, म्हणून आधीच कान पकडतो. निवृत्त माणसाला वेळच वेळ, असे तू म्हणशील. पण लॅटिनच्या वह्यांचे गठ्ठे तपासत होतो तेव्हासुद्धा मी इतका गुंतलेला नव्हतो, आणि याचे कारण तुझ्याच शेतात आहे.

आपल्या दैत्यघरावर मी एक पुस्तिका लिहिली आहे. गावचे इतिहास मंडळ ती छापणार असून जूनमध्ये, मोठ्या दिवसाच्या सणाला, रस्त्यालगत एक फलकही उभा राहणार आहे. जिल्ह्याहून पुरातत्त्व खात्याच्या एक अधिकारी बाई येतील. तुला त्या जागेचे कौतुक कधीच नव्हते. तुझ्या लेखी तो नांगराला वळसा घालायला लावणारा ढिगारा. पण पाच हजार वर्षांपूर्वी, लोखंडाचा पत्ता नसताना, माणसांनी ते धोंडे ओढून आणले, लांबट खोली बांधली, आत शिरायला पूर्वेकडून बुटकी वाट ठेवली, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपले मृत तिथे नेऊन ठेवले. आपण दोघे त्या खोलीच्या छतावर बसून गाजरे खात असू.

आता माझा शोध. छताच्या मधल्या दगडावर वाटीएवढे खळगे आहेत, ते आजवर सगळ्यांनी सोळाच मोजले. खरे तर ते सतरा आहेत. सतरावा बाकीच्यांपासून अलग, सर्वांत मोठा, आणि बरोबर आत शिरणाऱ्या वाटेच्या रेषेत आहे. माझे म्हणणे असे की तोच पहिला, आणि बाकीचे सोळा ही त्याची नक्कल. हे कुणीच लिहिलेले नाही. आयुष्यभर इतरांची वाक्ये मुलांकडून घोकून घेतल्यावर एक वाक्य माझे स्वतःचे असावे, एवढीच इच्छा आहे.

दोन कामे सांगतो. एक, त्या सतराव्या खळग्याची मापे पाठव. दोन, पाहुणे यायच्या आठवड्यात त्यात कुणी लोणी भरणार नाही एवढे बघ. ‘कुणी’ म्हणजे कोण, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. लोणी लावण्याच्या त्या प्रथेबद्दल मी एक वाक्य घातले आहे: ‘अगदी आमच्या लहानपणीही त्या शेतावरची एक अडाणी बाई आजारपण आले की या खळग्यांना लोणी फासत असे.’ नाव अर्थातच दिलेले नाही.

तुझा,
यालमार

*

क्वार्नबाकेन, गुरुवार, १४ मार्च

प्रिय यालमार,

कान पकडलेस ते बरं केलंस, आता दुसराही पकड. दैत्यघरावर अजून गुडघाभर बर्फ आहे. तुझ्या शोधासाठी सत्तर वर्षांची म्हातारी खराटा घेऊन वर चढली, हे तुझ्या पुस्तकात छापून आणशील ना?

सोळा मोजली. सगळी होती तिथेच आहेत. सतरावं मोजलं नाही. तू त्यांना खळगे म्हणायला लागलास, आम्ही अजून जातीच म्हणतो, पऱ्यांची दळायची जाती. लॅटिन यायच्या आधी तूही तेच म्हणायचास.

त्या सतराव्याबद्दल पुस्तकात काही लिहू नकोस. का ते विचारू नकोस. मोठी बहीण सांगते आहे, एवढं पुरे समज. आणि त्या अडाणी बाईला नाव होतं. योहाना. ती आपली आई होती. ते वाक्य काढ.

लोणी मी लावते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? गुरुवारी संध्याकाळी, बोटभर, मीठ न घातलेलं. गाय अडली की लावते, गुडघा दुखला की लावते, काही झालं नाही तरी लावते. पऱ्या येऊन दळतात असं मला वाटतं का? नाही वाटत बहुतेक. पण आई लावायची. तुला तरी तुझं लॅटिन कुणी बोलेल असं कुठे वाटत होतं.

दुपारी आपल्या जुन्या शेजारणीला, ब्रीताला भेटून आले. ब्याण्णव वर्षांची झाली. शहरातल्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसते, एक कान गेलाय, दुसरा तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट आहे. तुझी विचारपूस करत होती. दर वेळी करते.

टेक्ला

*

गोथेनबर्ग, २० मार्च

प्रिय टेक्ला,

‘का ते विचारू नकोस’ म्हणजे काय? चाळीस वर्षे मी मुलांना ‘का’ विचारायलाच शिकवले. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्या पत्रामागे काय आहे ते मी ओळखले. मला स्काराच्या शाळेत धाडले आणि तुला गाईंपाशी ठेवले. तो सल तुझ्या मनात असणार, आणि असला तर त्यात गैर नाही. पण म्हणून माझ्या एवढ्याशा कामात खोडा घालू नकोस.

आईबद्दलचे वाक्य राहील. मी इतिहास लिहितो आहे, आईचा मृत्युलेख नव्हे. तिच्या त्या लोण्यापायी मी काय सोसले ते तुला कुठे माहीत आहे. स्कारामध्ये आपल्या गावचा एक मुलगा होता, त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितले. सहा वर्षे मला शाळेत लोणीवाला म्हणत. पावाला लोणी लावतानासुद्धा मी आजूबाजूला बघून घेई. तेव्हापासून आईची पत्रे आली की मी ती बाहेर जाऊन वाचत असे. एखाद्याला आपल्या आईची लाज वाटावी हे वाईटच, पण वाटत होती ती वाटत होती.

मापे पाठव. ब्रीताला माझे काही सांगायची गरज नाही. इतक्या वयात तिला कोण यालमार हे कळणारही नाही.

यालमार

*

क्वार्नबाकेन, २ एप्रिल

यालमार,

बर्फ गेलं. मापं घे.

रुंदी: माझी चार बोटं आणि अंगठा. खोली: अर्धं अंडं बसेल एवढी. बाकीच्या सोळांचे काठ झिजून गुळगुळीत झालेत. ह्याचा काठ बोटाला लागतो. हे मुद्दाम लिहिते आहे, नीट वाच.

सल म्हणशील तर होता. साधारण १९१० पर्यंत होता, मग कामाच्या रगाड्यात कुठे गेला कळलं नाही.

ब्रीताला तू चांगला आठवतोस.

टेक्ला

*

गोथेनबर्ग, २८ मे

प्रिय टेक्ला,

मापांबद्दल आभार. तुझे ते काठाचे निरीक्षण तर अप्रतिम. मी त्यावर आख्खे पान लिहिले: बाकीचे खळगे लोकांनी बोटे फिरवून झिजवले, पण हा मूळचा, इतका पवित्र की त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. बघ, तुलाही संशोधनाची नजर आहे. उगीच गोठ्यात वाया गेलीस.

तीनशे प्रती छापून झाल्या. फलकावरही ‘सतरा खळगे’ असे रंगवले आहे.

आता सणाच्या दुसऱ्या दिवशीचे. शनिवारी दुपारी एकला फलकाचे अनावरण, मग तुझ्याकडे कॉफी. सात प्रकारची बिस्किटे झालीच पाहिजेत, सहा केलीस तर मंडळाच्या बायका मोजतील. तुझा निळा पोशाख घाल. आणि त्या अधिकारी बाईंशी लोण्याबिण्याचे बोलू नकोस, एवढी मेहरबानी कर.

यालमार

*

गोथेनबर्ग, २६ जून

प्रिय टेक्ला,

शनिवारी मी तुझा निरोप न घेता स्टेशनवर गेलो. हे पत्र चार वेळा सुरू केले आणि चार वेळा फाडले.

काय झाले ते तू पाहिलेसच, निदान पहिला अर्धा भाग. त्या अधिकारी बाई, कुमारी रिदेलियस, दगडावर वाकल्या, त्यांनी सतराव्या खळग्यात बोट घातले, वास घेतला आणि म्हणाल्या, “ताजं आहे.” सगळे हसले. हसू माझ्यावर येऊ नये म्हणून मी मोठ्याने म्हणालो, “माझी बहीण अजून पऱ्यांना दळण घालते.” मग ते आणखी हसले, आणि मी पण. तू निळ्या पोशाखात, हातात किटली घेऊन उभी होतीस. “कॉफी निवतेय,” एवढेच म्हणालीस आणि घराकडे गेलीस. तुझी पाठ मला अजून दिसते आहे.

जे तू पाहिले नाहीस ते सांगतो. कॉफी झाल्यावर कुमारी रिदेलियसनी मला मोटारीपाशी बाजूला घेतले. माझ्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान वयाची बाई, पण बोलली किती सांभाळून. म्हणाल्या, “तुमच्या घरात कोणी दगडाचं काम करायचं का?” मी विचारले, का? त्या म्हणाल्या की सोळा खळगे दगडावर दगड घासून केलेले आहेत, पण सतराव्याच्या तळाशी पोलादी टोकाचे घाव आहेत, एकाशेजारी एक, सरळ ओळीत. शंभर वर्षांच्या आतले काम. मंडळाला आपण होऊन काही सांगणार नाही, पुस्तक तुमचे आहे, तुम्हीच ठरवा, असेही म्हणाल्या.

मी त्यांना म्हणालो, नाही, आमच्या घरात दगडाचे काम कोणी करत नसे.

टेक्ला, गाडीत बसल्यावर मला तो आवाज आठवला. टक, टक, टक, आणि मधे फुंकर. बाबा ओसरीत बसून गिरणीच्या जात्यांना टाकी लावत तो आवाज. तीन गावांच्या पवनचक्क्यांची जाती ते टाकी मारून धारदार करत. सरळ ओळीत, एकाशेजारी एक. मी त्या आवाजावर झोपायला शिकलो, आणि पंचावन्न वर्षांनंतर ते घाव डोळ्यांसमोर असताना मला पाच हजार वर्षांपूर्वीचे पुजारी दिसले.

तुला हे पहिल्यापासून ठाऊक होते. आता तरी सांग. कधी, आणि कशासाठी?

तुझा,
यालमार

*

क्वार्नबाकेन, ३ जुलै

यालमार,

बाबांना दिलेला शब्द अठ्ठावन्न वर्षं पाळला, आता मोडते. तो मोडायला तू लावलास, एवढं लक्षात ठेव.

१८९९ चा फेब्रुवारी. तू आठ वर्षांचा होतास आणि तुला घटसर्प झाला होता. शहरातून डॉक्टर घसरगाडीतून येऊन गेले, म्हणाले वाट बघा. कशाची ते आम्हाला कळलं. आई तीन गुरुवार दैत्यघरावर जाऊन जात्यांत लोणी घालून आली. बाबा चर्चचे मानकरी, रविवारी झोळी फिरवणारे. ते तिला म्हणायचे, लोणी पावावर घाल, पोरांच्या पोटात तरी जाईल. तिसऱ्या गुरुवारी ती परत आली ती अंगावरची शालसुद्धा न काढता बाकावर बसली. तुझा घसा वाजत होता, घरभर ऐकू येत होता. बाबांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, “जातं दळत नसेल तर त्यात कितीही घाल, काय होणार? बोथट झालंय ते. टाकी लावायला हवी.”

आईला वाटलं चेष्टा करतायत. मलाही. पण सकाळी ते टाकी आणि हातोडा घेऊन निघाले. तिथे पोचल्यावर जुन्या जात्यांना हात लावायचा त्यांना धीर झाला नाही, न जाणो बिघडलं तर. म्हणून नवंच खोदायला घेतलं. शुक्रवार, शनिवार, आणि रविवार. रविवार, यालमार. चर्चची घंटा वाजत होती, झोळी दुसऱ्या कुणीतरी फिरवली, आणि मानकरी बर्फात उभे राहून पऱ्यांसाठी जातं घडवत होते. मी त्यांना गरम दूध नेऊन दिलं. बोटांतून रक्त येत होतं. त्यांनी जागा तीच का निवडली, त्याच्यावर तू तीन पानं लिहिलीस. तिथे पाय ठेवायला जागा होती, म्हणून. वाटेवरच्या झाकणदगडावर उभं राहिलं की वारा लागत नाही. तू आता जाऊन उभा राहा, तुलाही कळेल.

संध्याकाळी आईनं त्यात लोणी भरलं. सोमवारी तू पेज मागितलीस. का बरा झालास ते मला ठाऊक नाही, बाबांनाही नव्हतं. त्यांनी आम्हा दोघींना जवळ बोलावून सांगितलं, “पोराला सांगू नका. मोठा झाला की त्याला माझी लाज वाटेल.”

तुला वाटत होती, ती आईची. ते कसं झालं तेही तू विसरला असशील, तर सांगते. १९०२ ची घरपरीक्षा, पाद्री सगळ्यांचे धर्मपाठ तपासायचे ती, ब्रीताच्या घरी होती. पाद्री एकमार्क टेबलाच्या टोकाला, दहा घरांची माणसं बाकांवर, आणि बाबा नावांची वही धरून पाद्रींच्या शेजारी. सगळ्यांचं वाचून झालं, प्रश्न झाले, आणि पाद्री वही मिटवून म्हणाले, “योहाना, दगडांना लोणी लावणारी बाई तूच ना?” आई उभी राहिली. मीच, म्हणाली. “एकटीच?” “एकटीच.” बाबा वहीत बघत होते. वही मिटलेली होती, यालमार, ते तिच्या पुठ्ठ्याकडे बघत होते.

आई तशीच उठून निघाली, ती त्या घरात पुन्हा कधी गेली नाही. आई लोणी लावते हे आम्हा घरच्यांखेरीज ब्रीतालाच ठाऊक होतं, दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी; म्हणजे पाद्रींना सांगितलं तिनंच. शेजारी शेजारी राहून बावीस वर्षं, मरेपर्यंत, आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. बाबांनी त्या दिवसापासून टाकीला हात लावला नाही. पाठ दुखते म्हणायचे.

तुझ्या पुस्तकातली अडाणी बाई एकटी नव्हती. आता काय करायचं ते कर.

टेक्ला

*

गोथेनबर्ग, ९ जुलै

टेक्ला,

तुझे पत्र आल्यापासून मी घराबाहेर पडलो नाही. आता जे लिहितो आहे ते कुणालाही कधी सांगितलेले नाही. माझ्या बायकोलाही नाही, ती गेली तेव्हासुद्धा नाही.

ब्रीताने सांगितले नव्हते. मी सांगितले होते.

घरपरीक्षेच्या आधीच्या आठवड्यात पाद्री एकमार्क मला रस्त्यात भेटले. मी अकरा वर्षांचा. मी छान वाचतो असे त्यांच्या कानावर आले होते. गाडी थांबवून त्यांनी मला शेजारी बसवले, काय काय वाचलेस विचारले, आणि मग सहज विचारले की तुमच्या भागात जुन्या काळच्या काही समजुती अजून चालतात का. मला त्यांच्यासमोर काहीतरी असे बोलायचे होते, जे त्यांना ठाऊक नसेल. मला माहीत असलेली तशी गोष्ट एकच होती. मी ती सगळी सांगितली, गुरुवार, लोणी, मीठ न घातलेले, सगळी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, या मुलाला शिकवले पाहिजे. शरदात मी स्काराला गेलो. त्यांच्याच शिफारशीवर गेलो.

ब्रीताच्या घरी मी खिडकीपाशी बसलो होतो. आई निघताना तिने ब्रीताकडे पाहिले, माझ्याकडे नाही, आणि मला हायसे वाटले. बाकी सगळे मी पोरवयावर ढकलू शकतो, ते हायसे वाटणे ढकलता येत नाही. सुट्टीत घरी आलो की दोन्ही घरांच्या मधल्या पायवाटेवर गवत वाढलेले दिसे, दर वर्षी जास्त. मी पाहत असे आणि गप्प बसत असे. ब्रीताने मला आठवू नये असे मी मार्चमध्ये का लिहिले ते आता तुला कळेल.

पुस्तिकेत एक दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचे ठरवले आहे. सतरावा खळगा कुणी केला, कधी केला, आणि लोणी लावणाऱ्या बाईचे नाव. पुरेसे होईल का?

यालमार

*

क्वार्नबाकेन, १३ जुलै

यालमार,

पत्र दोनदा वाचलं, मग जाऊन गोठा धुतला, मग तिसऱ्यांदा वाचलं.

तू हायसं वाटल्याचं लिहिलंस. माझं ऐक. आई गेली तेव्हा ब्रीता दारात आली होती, काळा रुमाल बांधून, हातात केक. मी तिला आत घेतलं नाही. कॉफीसुद्धा विचारली नाही. केक घेतला आणि दार लावलं. आईचा शेवटचा मान राखतेय असं मला वाटत होतं. पुढे पंधरा वर्षांनी आमचं बोलणं सुरू झालं तेही मी मोठ्या मनानं तिला माफ केलं म्हणून. मी माफ केलं म्हणून! आणि ती ऐकून घ्यायची, दर गुरुवारी, आणि तुझी चौकशी करायची. मला आज तोंड लपवायला जागा नाही.

चिठ्ठी पुस्तकाला पुरेल. मला विचारशील तर नाही पुरत. ब्रीता जिवंत आहे. भेटायची वेळ गुरुवारी दोन ते चार. गोथेनबर्गहून सकाळची गाडी मिळते. तुझ्या बदली मी जाणार नाही, आणि तू काय बोलायचं तेही सांगणार नाही.

टेक्ला

*

शहरातून, स्टेशनवर, गुरुवार, १८ जुलै

प्रिय टेक्ला,

हे स्टेशनच्या उपाहारगृहात बसून लिहितो आहे. तुझ्याकडे यायला सात मैल आहेत, पण आज तुला तोंड दाखवायची ताकद नाही, म्हणून पत्रच.

ती खिडकीशीच बसली होती. मी नाव सांगितलं. म्हणाली, “बस. ह्या बाजूला, हा कान चांगला आहे.” पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती सगळी गेली. मी एवढंच म्हणालो की पाद्रींना तू नव्हतं सांगितलंस, मी सांगितलं होतं.

ब्रीता म्हणाली, “ठाऊक आहे मला.”

मी विचारलं, केव्हापासून. दुसऱ्या दिवसापासून, म्हणाली. घरपरीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढायच्या वेळी आई तिच्या गोठ्यात आली होती. म्हणाली, “पोरानं सांगितलं. कान लाल झाले होते त्याचे, मी पाहिले. आता मी तुझ्याशी बोलणं सोडते, ब्रीता. नाहीतर लोक शोधायला लागतील कुणी सांगितलं, आणि त्याच्या बापाला कळलं तर तो त्याला शाळेत धाडणार नाही.” ब्रीतानं तिला एकच विचारलं, किती दिवस? आई म्हणाली, “तो शिकेपर्यंत.”

“तुम्हा लोकांना शिकायला इतका वेळ लागतो हे मला काय ठाऊक,” ब्रीता मला म्हणाली, आणि हसली. टेक्ला, ती खरंच हसली.

मग तिनं सगळं सांगितलं. गावातल्या बायका तिच्याकडे यायच्या बंद झाल्या, चुगलखोर म्हणून. ती काही बोलली नाही. गुरुवारी आई दगडावर जाऊन यायची, मग अंधार पडायच्या आत ब्रीता जायची, लोणी बघायला. आईचं बोट कसं फिरलंय ते तिला कळायचं. घाईत फिरलंय की निवांत. कधी आपलंही बोटभर शेजारच्या जात्यात लावून यायची, म्हणजे आईला कळेल आपण येऊन गेलो. बावीस वर्षं त्यांचं बोलणं असं चाललं. एका गुरुवारी सगळी जाती कोरडी होती. तेव्हा तिला समजलं की आई अंथरुणाला खिळली. तिचा केक तू दारातच घेतलास, त्याबद्दल ती म्हणाली, “टेक्लाला काही ठाऊक नव्हतं. मी योहानाला शब्द दिला होता. पण पुढच्याच गुरुवारी दगडावर पुन्हा लोणी दिसलं, टेक्लाचं. मला बरं वाटलं.”

ज्या बाईला मी अडाणी लिहिलं, तीनशे प्रतींत छापलं, तिनं माझ्यासाठी आपली एकुलती मैत्रीण सोडली. आणि जिच्यावर माझं पाप गेलं ती स्वतःहून ते घेऊन बसली. ह्या दोघींनी आपसांत ठरवलं, बाबांनी आपल्यापुरतं बर्फात ठरवलं, तू गप्प राहायचं ठरवलंस. माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही. मी फक्त शिकायचं होतं.

चार वाजले, परिचारिका आली. मी उठलो. ब्रीतानं माझा हात धरून ठेवला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, एखाद्या पोराची वही तपासावी तसं, आणि विचारलं,

“मग? शिकलास का नीट?”

 मान खाली घालून उभा राहिलो. तिनं हात सोडला नाही, म्हणून मी म्हणालो की पुढच्या गुरुवारी सांगतो.

त्या दिवशी आधी तुझ्याकडे येईन. थोडं लोणी बाजूला काढून ठेव, मीठ घालू नकोस.

यालमार